कातरवेळ आणि आत्याची पिशवी

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या आत्यानं ८२व्या वर्षी सुनेवर चोरीचा आळ घेतला. ज्या सुनेच्या हाती तिनं स्वतःच कपाटाच्या किल्ल्या सोपवल्या होत्या, तिच्यावर! "माझ्या पाटल्या हिनं उचलल्या," असं येईल-जाईल त्याला सांगायची. दिवेलागणीला कापडी पिशवीत दोन लुगडी कोंबून दारात उभी. "मला घरी सोडा रे." घरातच उभी राहून घरी सोडा म्हणायची. गल्लीनं एका शब्दात निकाल लावला, म्हातारचळ.

हा शब्द मला डॉक्टर म्हणून टोचतो, पण तो कुठून आला ते कळतं. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, झालेला माणूस विसरतो, हे घर पचवतं. घर मेटाकुटीला येतं ते संशयानं, आरडाओरड्यानं, रात्रभराच्या येरझाऱ्यांनी, नसलेली माणसं दिसण्यानं. किंवा दिवसभर एका जागी मख्ख बसून राहण्यानं. त्या मख्खपणाची तक्रार कुणी करत नाही, कारण त्याचा शेजाऱ्यांना त्रास नसतो. आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसं या आजारात आहेत असा अंदाज आहे. यातलं काही ना काही त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला कधीतरी येतंच.

आणि हे आजचं नाही. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची बाई दाखल झाली. वय ५१. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव अलॉइस अल्झायमर. तिच्या घरच्यांना सगळ्यात आधी जाणवलं ते तिचं विसरणं नव्हतं, नवऱ्यावरचा संशय होता. वस्तू इकडून तिकडे न्यायची, लपवून ठेवायची. आमच्या आत्याचंही तेच. वस्तू आपणच ठेवलेली, ठेवल्याचं आठवत नाही, मग डोकं ती रिकामी जागा भरून काढतं. कुणीतरी नेली. कुणी नेली? जी सारखी जवळ असते तिनं.

आता हा त्रास कुणाला जास्त, कुणाला कमी, हे कशावर ठरतं? थोडं आजाराच्या प्रकारावर. लेवी बॉडी प्रकारात खोलीत मुलं, प्राणी दिसतात, अगदी स्पष्ट. मेंदूच्या पुढच्या भागाची झीज झाली तर भिडस्त माणूस चारचौघांत नको ते बोलू लागतो. ते आपल्या हातात नाही. पण मेंदूची झीज काही आठ दिवसांत होत नसते. माणूस आठ दिवसांत बदलला, तर कारण दुसरीकडे शोधायचं.

हे मी तुम्हाला सांगतोय, पण आत्याच्या वेळी माझ्याच लक्षात आलं नाही. दोन मुलांनी आईची वाटणी केलेली. सहा महिने कराडला थोरल्याकडे, सहा महिने पुण्यात धाकट्याकडे. पुण्याला आणल्यावर पंधरवड्यात ती रात्री ओरडायला लागली, अंगावर हात टाकायला लागली. वहिनीचा फोन आला. मी फोनवरच म्हणालो, "आजार पुढे सरकतोय." रविवारी घरी गेलो, तर आत्या ओटीपोटावर मूठ दाबून बसलेली. लघवी तुंबली होती. सर्दीसाठी दुकानातून आणलेली गोळी सुरू होती. म्हातारपणी असल्या काही गोळ्या लघवी अडवतात आणि डोकंही गढूळ करतात. नळी घातली, गोळी थांबवली. तिसऱ्या रात्री आत्या झोपली.

"दुखतंय" हा शब्दच हरवला की माणूस ओरडूनच सांगणार. नॉर्वेतल्या वृद्धाश्रमांमधल्या ३५२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांना वेदनेवर पायरीपायरीनं औषधं दिली, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल. आठ आठवड्यांत त्यांचा अस्वस्थपणा इतरांपेक्षा ठळकपणे उतरला. गुडघा, दाढ, कवळीखालची जखम, चार दिवसांची बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग, हे आधी बघा. कानात यंत्र आहे, पण त्यात सेल आहे का? ऐकू येत नसेल तर स्वयंपाकघरातली कुजबुज आपल्याबद्दलच आहे असं वाटणारच. मोतीबिंदू असेल तर खुंटीवरचा सदरा माणूस होतो. कातरवेळी तर सावल्या लांबतात, दिवसभराचा थकवा साचलेला असतो. म्हणून उजेड जायच्या आधीच दिवे लावा.

आणि ती वाटणी. सहा-सहा महिन्यांचा हिशेब भावाभावांत न्याय्य असेलही. पण कराडच्या घरी आत्याचे पाय अंधारातही न्हाणीपर्यंत आपोआप जायचे. पुण्यात दार उघडलं की कपाट. घर बदलणं हे या आजारात साधं नसतं.

सांभाळणाऱ्याचं काय? वहिनी तीन महिने सलग चार तास झोपली नव्हती. अशा बाईचा आवाज चढणारच, आणि शब्द कळला नाही तरी चढलेला आवाज आत्याला कळायचा. इथे मी वहिनीला दोष देत नाही. सांगायचं ते आठवड्यातून एकदा फोन करून "आई कशीय" विचारणाऱ्या नणंदा-दिरांना. दोन रात्री येऊन झोपा तिथं.

डॉक्टरकडे थेट "शांत करायची गोळी द्या" म्हणू नका. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मनोविकारावरच्या काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्येच दिलाय. लेवी बॉडीत तर ती फारच सांभाळून द्यावी लागतात. कधी लागतात, नाही असं नाही. चालू असतील तर मनानं बंदही करू नका.

त्यापेक्षा एक वही घाला. केव्हा बिनसलं, त्याआधी काय झालं, पोट साफ होतं का, नवी गोळी कोणती. वहिनीनं घातली. त्यातलं एक पान तिच्या परवानगीनं वाचतो. "सोमवार, साडेसहा. लाइट गेली. आई पिशवी घेऊन दारात. मंगळवार, सहा. वरच्यांकडे ड्रिल. आई रडल्या. बुधवार, सहा. शेंगा सोलायला दिल्या. आठ वाजेपर्यंत सोलत होत्या. टरफलं डब्यात आणि दाणे केरात, पण पिशवी काढली नाही."

नमस्कार.