जुन्या लिव्हरवाल्या पॉइंट टू टू रायफलीची किंमत काढायचीय? आधी हातातलं फडकं खाली ठेवा

नमस्कार मंडळी!

पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्यावर मी व्हिडिओ केला होता. त्यात जाता जाता एक वाक्य बोलले होते. स्वप्नीलच्या रायफलीत जातं ते .२२ लाँग रायफल काडतूसच कित्येक घरांतल्या आजोबांच्या जुन्या पॉइंट टू टूमध्ये, म्हणजे .२२ च्या रायफलीत, जातं. तेव्हापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय. "ताई, आमच्याकडं लिव्हरवाली जुनी आहे, किती येतील?" कुणी गडहिंग्लजवरून विचारतंय, कुणी शाहूवाडीवरून. एकानं तर नुसता दस्त्याचा फोटो टाकलाय आणि खाली लिहिलंय, "रेट?"

तर आज त्यावरच बोलू. रायफल इथं टेबलावर नाही. आमच्या घरची आहे, पण लायसन्स बाबांच्या नावावर आहे, म्हणून मी तुम्हाला फोटोच दाखवणार.

मूळ गोष्टी पटकन सांगते. चापाभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत, ही लिव्हर ॲक्शन. काडतुसाच्या बुडाच्या कडेत मसाला असतो आणि पिन कडेवर आपटते, ते रिमफायर. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या बारीक नळीत ओळीनं बसतात. या नळीत एखादं काडतूस वर्षानुवर्षं अडकून राहिलेलं असू शकतं, म्हणून रायफल रिकामी आहे हे लायसन्सधारकानं किंवा डीलरनं स्वतः बघितल्याशिवाय पुढं काहीही करायचं नाही.

आता रायफल कुठली ते ओळखू. माझ्या इनबॉक्समध्ये सगळ्यात जास्त फोटो मार्लिनचे येतात, म्हणून तीच धरून बोलते. कंपनी अमेरिकेची. १८९१ च्या मॉडेलपासून हे घराणं सुरू होतं. पुढं १८९२, १८९७, मग १९२२ मध्ये मॉडेल ३९ आणि १९३९ मध्ये ३९-ए. दुसऱ्या कंपन्यांत विंचेस्टरची ९४२२ बरीच नंतरची, १९७२ ते २००५. ब्राउनिंगची बीएल-२२ जपानमध्ये मिरोकूनं बनवलेली. हेन्रीची तर १९९० च्या दशकातली, तिला आत्ताच 'अँटिक' म्हणू नका.

मार्लिनचं साल रायफलीवर ठोकलेल्या सिरियल नंबरवरून निघतं. १९४६ ते १९६८ पर्यंत नंबराच्या पुढं इंग्रजी अक्षर असतं. सी म्हणजे १९४६, डी म्हणजे १९४७, ई म्हणजे १९४८, असं पुढं. आमची एच आहे, म्हणजे १९५१ ची. १९७३ पासून पहिले दोन आकडे १०० मधून वजा करायचे. २७ असेल तर ७३, म्हणजे १९७३. मग नळीच्या डाव्या अंगाला रिसीव्हरजवळ (रिसीव्हर म्हणजे नळीमागची, यंत्रणा बसते ती लोखंडी पेटी) बारीक शिक्क्यात 'जे एम' दिसतंय का बघा. ती जुन्या कारखान्याची खूण. २००७ च्या अखेरीस मार्लिन रेमिंग्टननं घेतली, २०२० मध्ये रूगरनं. संग्राहकाला हवी असते ती 'जे एम'वाली. १९८८ च्या सुमारास रिसीव्हरमध्ये आडवं दाबायचं सेफ्टी बटन आलं. बटन नसलेलीला जास्त मान.

इथवर सोपं आहे, हे कुणीही फोनवर बघून सांगेल. किंमत ठरते ती पुढच्या गोष्टीवर, आणि लोक नेमकी तीच हातानं घालवतात.

रायफलला पॉलिश करू नका. नवा काळा रंग देऊ नका. किंमत विचारायच्या आधी तर अजिबात नको.

हे मी घसा फोडून का सांगते, त्याला कारण आहे. माझ्या एनसीसीतल्या मैत्रिणीच्या घरी एक ३९-ए होती, अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरण्याआधीची. त्या काळातल्या ३९-ए च्या रिसीव्हरवर केस हार्डनिंगचे, म्हणजे लोखंडाचा वरचा थर कडक करताना उमटणारे, रंग असायचे. पाण्यावर रॉकेलचा थेंब पडला की निळा, जांभळा, तपकिरी असा जो तवंग दिसतो, तसे. त्या रायफलीवर ते अजून अर्धेअधिक शिल्लक होते. विकायची ठरली तेव्हा काकांना वाटलं, जरा चकाचक करून दाखवू. बफिंग झालं, म्हणजे चाकावर घासून चमकवणं, वर नवं ब्लूइंग झालं, म्हणजे लोखंड काळं करणं. काम इतकं सफाईदार की आरशासारखी दिसत होती. बघायला आलेल्या माणसानं रिसीव्हर उजेडात एकदा फिरवला आणि ठेवून दिला. त्या घरातलं कुणी त्याला विचारेना, की काय झालं. मी शेजारी उभी होते आणि मला ते कळत होतं. आजही त्या रंगांची आठवण आली की जीव हळहळतो. ज्यानं बफिंग केलं त्याचा दोष नाही. त्याला चमकवायला सांगितलं, त्यानं चमकवलं.

आता ओळखायचं कसं? पहिली खूण अक्षरं. नळीवर कंपनीचं नाव, मॉडेल ठोकलेलं असतं. मूळ रायफलीत त्या अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात, नखाला लागतात. बफिंगचं चाक फिरलं की कडा गोल होतात, एखाद्या अक्षराची शेपटी गायब होते. उन्हात नळी तिरकी धरून बघा.

दुसरी खूण स्क्रू आणि भोकं. स्क्रूभोवतालचं लोखंड सपाट हवं. बफिंगनं तिथं बशीसारखा खळगा पडतो. आपल्या उद्यमनगरात ज्यानं चाकावर काम केलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. कपड्याचं चाक भोकाच्या तोंडाशी मऊ पडतं आणि कडा खाऊन टाकतं. स्क्रूच्या खाचा पण बघा. ३९-ए च्या उजव्या अंगाला एक मोठा खाचेचा स्क्रू असतो, तो सोडला की रायफल दोन भागांत होते. त्याला नाणं लावायचं असतं. भलत्या मापाचा पेचकस लावून ओरबाडलेला असेल तर किंमत तिथंच उतरायला लागते.

तिसरी खूण लाकूड. जिथं दस्ता लोखंडाला भेटतो, तिथं कारखान्यातून लाकूड लोखंडापेक्षा किंचित उंच ठेवलेलं असतं. बोट फिरवलं की पायरी लागते. लाकूड लोखंडाच्या खाली गेलेलं असेल तर कुणीतरी पॉलिशपेपर मारलेला आहे. मार्लिनच्या दस्त्याच्या खालच्या कडेला काळा-पांढरा छोटा गोल बसवलेला असतो. तो गोलच नसेल तर दस्ता बदललाय का, ही शंका घ्यायची.

म्हणजे लोखंडाकडून बघा, स्क्रूकडून बघा, नाहीतर लाकडाकडून बघा, प्रश्न एकच विचारताय. हिच्यावरचा हात कारखान्याचा आहे की नंतरचा?

यावर मागच्या आठवड्यात एक कमेंट आली होती, ती मला मनापासून आवडली. "ताई, पितळेच्या पातेल्याला कल्हई केली की भांडं चांदीसारखं होतं, मग बंदुकीनंच काय पाप केलंय?" प्रश्न बरोबर आहे. पण पातेल्यात आमटी करायची असते, कल्हई नसेल तर आमटी कळकते. कल्हई ही वापरासाठी. संग्रहाच्या रायफलीत लोक १९३९ चा कारखाना विकत घेतात. ब्लूइंग म्हणजे रंगाचा थर नव्हेच, लोखंडाच्या वरच्या पापुद्र्याचंच केलेलं काळं ऑक्साइड आहे ते. घासलं की तो पापुद्रा गेला. नवा चढवता येतो, जुना परत येत नाही. सराफांच्या गुजरीत मोडीचं सोनं वजनावर घेतात, दागिना वितळला तरी सोनं तेवढंच. रायफलीचं लोखंड कुणी वजनावर घेत नाही.

मग गंजाचं काय करायचं? मऊ सुती कापड, बंदुकीच्या तेलाचे दोन थेंब, हलकं पुसणं, बस्स. पॉलिशपेपर नको, वायरब्रश नको, भांड्याची पावडर तर नकोच. हेही लायसन्सधारकानंच करायचं.

आतली तपासणी डीलरकडून करून घ्या. नळीतल्या पिळाच्या खाचा स्वच्छ आहेत का, खालची नळी कुठं चेपली आहे का. आणि रिमफायरसाठी खास एक गोष्ट. रिकामी असताना लोकांनी गमतीनं चाप ओढत बसायची सवय ठेवली असेल, तर पिन काडतुसाऐवजी चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, काठावर आपटते आणि तिथं खड्डा पडतो. मग काडतूस नीट बसत नाही. डीलरला तो काठ मुद्दाम बघायला सांगा.

आता पैसे. तुम्ही अमेरिकेतल्या साइटवरचा आकडा घेता, डॉलरला रुपयानं गुणता आणि मला पाठवता. त्यात दोन चुका आहेत. पहिली, तो सांगितलेला भाव आहे. आपल्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा शेतकऱ्याच्या मनातला भाव पट्टीवर लिहीत नाहीत, सौद्यात सुटलेला लिहितात. तसा प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या रायफलीचा भाव बघा, तोही त्याच सालाच्या, त्याच अवस्थेतल्या.

दुसरी चूक मोठी. इथला बाजारच वेगळा आहे. १९८० च्या दशकापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही, त्यामुळं देशात आहेत तेवढ्याच जुन्या मार्लिन फिरतात. भाव वर ढकलणारी ही गोष्ट. पण शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. ज्याच्याकडं आधीच दोन आहेत त्याला तुमची घ्यायची तर घरातली एक काढावी लागेल. गिऱ्हाईक तिथंच कमी होतं. म्हणून आकडा विचाराल तर मी देणार नाही. इथल्या दोन-तीन लायसन्सधारक डीलरना दाखवा, वेगवेगळ्या दिवशी, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला सांगू नका.

कागदांचं एवढं लक्षात ठेवा. लायसन्स असलेल्यालाच विकता येते, आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. विकायची नसेल तर वारसाचा रस्ता आहे. लायसन्सधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडं असलं, तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार कायदेशीर वारस अर्ज करू शकतो. बाबांची सत्तरी झालीय, आमचा अर्ज मी याच महिन्यात भरतेय. आमची रायफल कुठं जाणार नाही.

ज्यांना पुढच्या व्हिडिओसाठी फोटो पाठवायचेत त्यांनी चार पाठवा. नळीचं डावं अंग शिक्क्यासकट, उजवीकडचा मोठा स्क्रू, दस्ता आणि लोखंडाचा सांधा, आणि दस्त्याची खालची कड. फोटो लायसन्सधारकानं काढलेले हवेत, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. नंबराचे शेवटचे आकडे कागदाच्या चिटोऱ्यानं झाका. आणि फोटो काढायच्या आधी पुसू नका, धूळ असली तर असू दे.