विषय उभा करणारा प्राध्यापक

श्रोतेहो, नमस्कार.

एमबीए किंवा एमसीएम केलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ‘मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम्स’, म्हणजे एमआयएस, हा पेपर दिला असेल. कारभार चालवायला लागणारी माहिती संगणकाकडून कशी मिळवायची, असा हा विषय. काहींनी आदल्या रात्री झेरॉक्सच्या नोट्स वाचून दिला असेल. त्या नोट्समध्ये ‘डेव्हिस आणि ऑल्सन’ ही पाठ्यपुस्तकाच्या लेखकांची जोडी हमखास भेटायची. त्यातल्या डेव्हिस यांच्याविषयी आज बोलणार आहे. त्यांच्या पुस्तकाबद्दल थोडं, आणि विद्यापीठाच्या आवारात त्यांनी जे काम केलं त्याबद्दल जास्त.

गॉर्डन डेव्हिस मूळचे अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातले. माणूस हिशेबाचा. अकाउंटिंग शिकले, सीपीए, म्हणजे तिकडचे सीए, झाले, स्टॅनफर्डमधून डॉक्टरेट घेतली आणि १९६१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात शिकवायला आले. मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांमध्ये तेव्हा संगणकाचं वारं जोरात होतं. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांपैकी कंट्रोल डेटा तिथली, युनिव्हॅकचा कारखाना तिथे, हनीवेलचं मुख्यालय तिथे. कंपन्यांनी पगारपत्रकं, बिलं, मालाचा साठा असं सगळं यंत्रावर चढवायला सुरुवात केली होती.

आणि हिशेब तपासणाऱ्यांची पंचाईत झाली. खातेवही गेली, खाडाखोड गेली, नोंद कोणाच्या हातची हे ओळखण्याची सोय गेली. मग ऑडिटर काय करायचे? यंत्रात जाणारी व्हाउचरं तपासायची, यंत्रातून निघालेले कागद तपासायचे, दोन्हींचा मेळ बसला की सही ठोकायची. मधल्या पेटीत काय शिजतं तिकडे बघायचंच नाही. डेव्हिस यांनी १९६८ साली अमेरिकेतल्या सनदी लेखापालांच्या संस्थेसाठी याच विषयावर पुस्तक लिहिलं: पेटीच्या आत कोणती नियंत्रणं असावीत आणि ती तपासायची कशी. मला वाटतं, त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाचं बीज इथे आहे. यंत्र किती वेगवान आहे यापेक्षा त्यातून निघालेल्या आकड्यावर कोण विसंबतं आणि का, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटत होता.

त्याच १९६८ साली त्यांनी गॅरी डिकसन आणि थॉमस हॉफमन या सहकाऱ्यांबरोबर विद्यापीठात माहिती प्रणालींचं, म्हणजे एमआयएसचं, संशोधन केंद्र उभं केलं आणि या विषयाचा पदव्युत्तर आणि पीएचडीचा रीतसर अभ्यासक्रम सुरू केला. अशा सुरुवातीच्या अभ्यासक्रमांत मिनेसोटाचं नाव पहिलं घेतलं जातं. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली आणि तिथेही पहिली कामं पंचकार्डांवरच्या हिशेबांचीच होती. दोन्हीकडे अडचण एकच होती. यंत्र विकत मिळत होतं, पण त्याच्याकडून काय करून घ्यायचं हे सांगणारी माणसं विकत मिळत नव्हती.

विद्यापीठात नवा विषय आणायचा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुठल्याही बोर्ड ऑफ स्टडीजवर बसलेल्या माणसाला विचारा. संगणकशास्त्राचे लोक म्हणणार, यात गणित कुठे आहे? व्यवस्थापनाचे लोक म्हणणार, उद्या टाइपरायटरचाही विभाग काढाल! असे आक्षेप या विषयाने पुढची कित्येक वर्षं ऐकले. १९८० साली या विषयाच्या अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद फिलाडेल्फियात भरली, तेव्हाही त्यांच्यापैकीच पीटर कीन यांनी नेमका हाच मुद्दा काढला होता, की आपण कोणत्या शास्त्रांच्या खांद्यावर उभे आहोत आणि आपलं काम एकावर एक रचलं जातंय का.

मिनेसोटाने या आक्षेपांना प्रयोग करून उत्तर दिलं. केंद्राची रचना व्यवहारी होती. आसपासच्या कंपन्या वर्गणी भरून सदस्य व्हायच्या, त्यांचे अधिकारी व्याख्यानांना यायचे आणि विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी खरीखुरी कार्यालयं मिळायची. सत्तरच्या दशकात तिथे प्रयोगांची एक मालिका झाली. ‘मिनेसोटा प्रयोग’ म्हणूनच ती ओळखली जाते. त्यातला एक, डिकसन आणि नॉर्मन शेर्व्हनी यांचा, मला फार आवडतो.

कल्पना करा, एक कारखाना चालवायचा आहे. खराखुरा नव्हे, संगणकावरचा. उत्पादन किती घ्यायचं, साठा किती ठेवायचा, हे ठरवायचं. काही जणांना सगळी कच्ची आकडेवारी दिली, तपशीलवार. बाकीच्यांना तीच आकडेवारी सारांश करून दिली. निकाल काय लागला? सारांश मिळालेल्यांचे निर्णय जास्त चांगले ठरले, खर्च कमी आला. पण त्यांना वेळ जास्त लागला आणि आपल्या निर्णयाबद्दल त्यांचा विश्वास कमी होता. ज्यांच्यापुढे आकड्यांचा ढीग होता ते मात्र निर्धास्त होते. निर्णय डावे, आणि छाती पुढे! आपल्या कचेऱ्यांमध्ये साहेब चाळीस कॉलमांचं एक्सेल मागतात तेव्हा मला हटकून हा १९७४ चा निबंध आठवतो. साहेबांना माहिती हवी असते की धीर, हे एकदा तपासायला हवं.

त्याच १९७४ साली डेव्हिस यांचं पाठ्यपुस्तक आलं. १९८५ च्या दुसऱ्या आवृत्तीत मार्ग्रेथ ऑल्सन सहलेखिका झाल्या आणि तीच आवृत्ती आपल्याकडच्या विद्यापीठांत पोचली. संगणकाच्या पुस्तकात माणसाच्या मेंदूवर एक अख्खं प्रकरण असावं, याचं तेव्हा विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटायचं. माणूस एका वेळी किती गोष्टी ध्यानात धरू शकतो, आकड्यांचा अंदाज कुठे चुकवतो, हे सगळं त्यात आहे. परीक्षेला ते प्रकरण ऑप्शनला टाकण्याची आपल्याकडे पद्धत होती.

१९८२ चा त्यांचा एक लेख आयबीएमच्या नियतकालिकात आला होता. प्रश्न साधा: नवी यंत्रणा बांधण्यापूर्वी लोकांना काय हवंय ते कसं कळणार? डेव्हिस म्हणतात, वाटा चार. सरळ विचारा. नाहीतर सध्या जी पद्धत चालू आहे तिच्यावरून काढा. तेही पुरत नसेल तर ते काम मुळात कशासाठी चालतं ते समजून घ्या. आणि काहीच धड कळत नसेल तर छोटी यंत्रणा करून वापरायला द्या, वापरता वापरता गरज उमजेल. एखाद्या दूध संस्थेच्या सचिवांना विचारा, संगणकात काय काय पाहिजे? ते म्हणतील, रजिस्टरात आहे तेच. यात त्यांचा दोष नाही. माणसाला जे ठाऊक आहे तेच तो मागतो. कोणती वाट कधी धरायची हे अनिश्चितता किती आहे यावर ठरवा, हा त्या लेखाचा गाभा. आज सॉफ्टवेअरवाले थोडं थोडं बांधून दाखवत पुढे जातात, ती चौथी वाट.

आता आवारातल्या कामाकडे येतो. १९७७ मध्ये केंद्राने आणि व्यवसायातल्या माहिती-अधिकाऱ्यांच्या संघटनेने मिळून ‘एमआयएस क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक काढलं. पहिले संपादक डिकसन. सुरुवातीच्या अंकांत दोन दालनं असायची, एक प्रत्यक्ष वापराचं, दुसरं सिद्धान्ताचं. आज या विषयातल्या प्राध्यापकाला तिथे एक निबंध छापून आला तरी धन्य वाटतं. आपल्याकडे २०१० मध्ये यूजीसीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकाची पद्धत आणली. संशोधन केंद्र उभं करणं, कंपन्यांना विद्यापीठात आणून बसवणं, नियतकालिक रुजवणं, यांचे गुण त्या तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहिले असते, याचं मला कुतूहल आहे.

आणि विद्यार्थी. डेव्हिस आणि क्लाइड पार्कर यांनी १९७९ मध्ये पीएचडीचा प्रबंध कसा लिहावा यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. विषय निवडण्याच्या कसोट्यांमध्ये त्यांनी एक फार शहाणी कसोटी सांगितली आहे. निकाल होकारार्थी येवो की नकारार्थी, दोन्ही बाजूंनी प्रबंधाला किंमत राहिली पाहिजे. म्हणजे काय, तर ‘अमुक प्रणालीमुळे काम सुधारलं’ हे सिद्ध झालं तरच ज्याला अर्थ आहे असा विषय घेऊ नका. नाही सुधारलं, तर चार वर्षं पाण्यात. शिवाय निकाल हवा तसा वळवण्याचा मोह होतो तो वेगळाच. आपल्याकडच्या मार्गदर्शकांनी ही कसोटी पहिल्याच भेटीत विद्यार्थ्यापुढे ठेवली, तर ‘गृहीतक सिद्ध झाले’ हे वाक्य आपल्या प्रबंधांत इतक्या नियमाने येणार नाही.

या विषयाच्या प्राध्यापकांची जागतिक संघटना १९९४ साली स्थापन झाली. डेव्हिस तिचे अध्यक्षही झाले आणि तिचा सर्वोच्च सन्मान, लिओ पुरस्कार, त्यांना मिळाला. लिओ हे एका संगणकाचं नाव. लंडनच्या लायन्स कंपनीची चहाची दुकानं होती, बेकरी होती. १९५१ साली या कंपनीने स्वतःचा संगणक बांधून त्यावर पाव-केकच्या उत्पादनाचा हिशेब सुरू केला. धंद्याचं रोजचं काम संगणकावर करण्याची ती सुरुवात मानतात. डेव्हिस मिनेसोटातून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या अध्यासनाला नाव होतं हनीवेलचं, म्हणजे त्यांच्याच गावातल्या कंपनीचं. आणि त्यांचं त्रैमासिक अजूनही मिनेसोटातूनच निघतं, वर्षाला चार अंक.

नमस्कार.