लाल पेनाचा गोल

जानेवारीतली सकाळ, रायगड जिल्ह्यातली एक कातकरवाडी. वीसेक कुडाची घरं, निम्म्याहून जास्त दारं बंद. अंगणात एक आजी, दोन कोंबड्या, बास.

ही पोरगी एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर कोर्सच्या पहिल्या वर्षाला, आठवड्यातून दोन दिवस फिल्डवर्क. मागच्या रिपोर्टमध्ये हिने लिहिलं होतं, 'पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही, स्थलांतर ही यांची संस्कृतीच आहे.' मॅडमनी 'संस्कृती'भोवती लाल पेनाने गोल केला आणि एकच विचारलं, हे तुला कोणी सांगितलं?

कोणीच नाही.

तसं 'सांस्कृतिक सक्षमता', म्हणजे समोरच्याची संस्कृती समजून काम करणं, हा भारदस्त शब्द सिलॅबसमध्ये आहे, पीपीटी पण झालीय. कातकरी म्हणजे खैराचा कात काढणारे, कोलाम आणि माडिया गोंडांसारखी अतिअसुरक्षित आदिवासी जमात, वगैरे. पाठ करायला सोप्पं.

आज शाळा सोडलेल्या पोरांचा फॉर्म पिशवीतच आहे. आजी बोलता बोलता 'उचल' म्हणते आणि पोरीला वाटतं, काहीतरी उचलायचं काम असेल. उचल म्हणजे वीटभट्टीवाल्या शेठकडून आधीच घेतलेले पैसे, कधी आजारपणाला, कधी लग्नाला, कधी पावसाळ्यात चूल पेटावी म्हणून, आणि मग दिवाळीनंतर ते फेडायला अख्खं घर वीटभट्टीवर, पोरं पण, कारण मागे ठेवायची कोणाकडे? परत यायचं ते पावसाच्या तोंडावर. म्हणजे संस्कृती म्हणून लिहिलं ते कर्ज निघालं. पोरीला कशाला हसू, हीच गोष्ट लिहिताना आमच्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये पण 'भटकं जीवन' होतंच.

आता याच्या उलटही असतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांना गोंड लोकांनी सांगितलं की दवाखान्यात सगळे पांढऱ्या कपड्यात, आणि पांढरं तर आम्ही मेलेल्या माणसावर घालतो. तिथे खरोखरच संस्कृतीचा प्रश्न होता, म्हणून शोधग्राम या त्यांच्या केंद्रातला दवाखाना आदिवासी गावासारखा, झोपड्यांचा बांधला, नाव तिथल्या देवीचं, माँ दंतेश्वरी.

इथे प्रश्न पोरं ठेवायची कुठे हा. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात, आणि ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने थेट भट्टीवरच शाळा काढल्या तेव्हा त्यांचं नावही भोंगाशाळाच पडलं.

पोरीने शेवटी फॉर्म काढलाय. 'शाळा सोडण्याचे कारण': नावड, घरकाम, इतर. 'इतर'पुढे बोटभर जागा. तिने कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला 'उचल' लिहिलं आणि आजीला विचारलं, यंदा किती घेतली?