सत्तावीस महिन्यांच्या आत

१९६५ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठात चार जण एका अगदी नव्या अभ्यासक्रमाला बसले. चौघेही नौदलात रुग्णसेवा केलेले होते. त्यांच्या गाठीशी दांडगा अनुभव होता, पण मुलकी रुग्णालयांत त्या अनुभवाला साजेसे पदच नव्हते. ते पद डॉ. यूजीन स्टेड यांनी घडवले आणि त्याला नाव मिळाले फिजिशियन असिस्टंट, म्हणजेच पीए, डॉक्टरांच्या जोडीने रुग्ण तपासणारा आणि उपचार करणारा प्रशिक्षित व्यावसायिक. ६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांपैकी तिघे हे शिक्षण पुरे करून बाहेर पडले. आजही अमेरिकेत पीए सप्ताह त्याच तारखेला सुरू होतो.

आज तेथे या शिक्षणाचे तीनशेहून अधिक मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आहेत. बहुतेक अभ्यासक्रम साधारण २७ महिन्यांत संपतात. आधी वर्गातले शिक्षण होते आणि मग क्लिनिकल रोटेशन, म्हणजे रुग्णालयाच्या वेगवेगळ्या विभागांत पाळीपाळीने घेतलेले प्रत्यक्ष प्रशिक्षण. या काळात नोकरी सांभाळणे जवळजवळ अशक्य असते आणि कित्येक संस्था तसे न करण्याची स्पष्ट सूचनाच देतात. त्यातच पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी असलेले केंद्र सरकारचे ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद करण्याचे २०२५ मध्ये कायद्याने ठरले. त्यामुळे शिष्यवृत्तीचा शोध प्रवेशाच्या तयारीबरोबरच सुरू करावा लागतो.

यातली सर्वांत भरघोस मदत नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरची आहे. शिक्षणशुल्क, इतर आवश्यक शुल्के आणि दरमहा निर्वाहभत्ता असा सगळा भार ही केंद्रीय योजना उचलते. मात्र अर्जदार अमेरिकेचा नागरिक किंवा नॅशनल (पूर्ण नागरिकत्व नसले तरी कायद्याने अमेरिकेचा मानला जाणारा) असावा लागतो. या मदतीच्या बदल्यात विद्यार्थ्याला किमान दोन वर्षे, आणि मदत जितकी अधिक वर्षे घेतली असेल त्या प्रमाणात चार वर्षांपर्यंत, वैद्यकीय सेवांची टंचाई असलेल्या भागातील मान्य केंद्रात काम करावे लागते. करारावर सही करताना एक कलम दोनदा वाचावे. शिक्षण पुरे करूनही ठरलेली सेवा केली नाही, तर मिळालेल्या रकमेच्या तिप्पट, तीही व्याजासह, परत करावी लागते. म्हणूनच हे बक्षीस आहे असे आम्हाला वाटत नाही. हा पुढच्या आयुष्याविषयी आधीच दिलेला शब्द आहे, आणि जिला अशाच भागात रुग्ण तपासायचे आहेत, तिला याहून चांगली सोय मिळणे कठीण. पीएंच्या राष्ट्रीय व्यावसायिक संघटनेशी संलग्न असलेले पीए फाउंडेशन आणि अनेक राज्यांच्या संघटनाही शिष्यवृत्त्या देतात. त्यांच्या रकमा लहान असतात, पण सहसा त्यांच्यामागे सेवेची अशी अट नसते.

अर्जातला निबंध मात्र सगळीकडे लागतो. ‘मला लोकांची सेवा करायची आहे’ हे वाक्य प्रत्येकच जण लिहितो. एखाद्या दवाखान्यात रक्तदाब मोजताना, औषध परवडत नाही म्हणून गोळी अर्धी करून घेणारा रुग्ण भेटला असेल आणि त्यानंतर आपण काय केले हे सांगता येत असेल, तर तेच लिहावे.

स्पर्धांचे जग वेगळे आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ फिजिशियन असोसिएट्स, म्हणजे एएपीए, ही पीएंची राष्ट्रीय संघटना. तिच्या वार्षिक परिषदेत नॅशनल मेडिकल चॅलेंज बोल ही वैद्यकीय प्रश्नमंजूषा रंगते आणि देशभरातील अभ्यासक्रमांचे संघ त्यात उतरतात. एका टेबलामागे तिघे बसलेले असतात आणि समोर बझर असतो. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचे वर्णन निम्मे वाचून होते न होते तोच एक बोट बझरकडे जाते, आणि शेजारचा सहाध्यायी डोळ्यांनीच त्याला थांबवतो, कारण ईसीजीचा उल्लेख अजून यायचा आहे. परवान्यासाठी आवश्यक असलेल्या अंतिम प्रमाणन परीक्षेत, म्हणजे पॅन्समध्ये, ३०० प्रश्न एकट्याने सोडवायचे असतात. इथे मात्र सोबत्याचे मत ऐकून क्षणात निर्णय घ्यावा लागतो, आणि पुढे रुग्णकक्षात हीच सवय जास्त उपयोगी पडते.

नेतृत्वाची पहिली पायरी वर्गातच असते. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थी मंडळाला अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष लागतात. तेथून वाट एएपीएच्या विद्यार्थी अकॅडमीकडे जाते, आणि संघटनेचे धोरण ठरवणाऱ्या प्रतिनिधी सभेत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही बसतात. २०२१ मध्ये ‘फिजिशियन असिस्टंट’ऐवजी ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव स्वीकारण्याचा ठराव याच सभेने केला. पीए शिक्षणसंस्थांची संघटना निवडक विद्यार्थ्यांना आरोग्यधोरणाच्या फेलोशिपसाठी वॉशिंग्टनला बोलावते. शिवाय गुणवत्ता, संशोधन, सेवा आणि नेतृत्व यांसाठी ‘पाय अल्फा’ या मानद संस्थेचे सदस्यत्व मिळू शकते.

अडचण एकच, ती वेळेची. विद्यार्थी मंडळाच्या कामाची घडी बसते न बसते तोच रोटेशन सुरू होते आणि वर्ग गावोगावच्या रुग्णालयांत विखुरतो. म्हणून जाणारी सचिव नव्या तुकडीतल्या मुलीला शेजारी बसवून घेते, शिष्यवृत्त्यांच्या अंतिम तारखांची यादी, शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांची नावे आणि मागच्या सभांची टिपणे तिच्या हवाली करते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया विभागात रुजू होते.