वाळलेल्या फुलाची तहान

नमस्कार. आत येताना दारात एका ताईंनी मला विचारलं, "गजऱ्यातला मोगरा वाळवून पांढराच्या पांढरा ठेवता येतो का हो?" मी नाही म्हटलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणून फुलं वाळवून फ्रेममध्ये जपण्याच्या आजच्या गप्पांची सुरुवात मोगऱ्यापासूनच करते.

वांगं चिरून ताटलीत ठेवलं की काळं पडतं, ते आपण सगळ्याच जणी रोज पाहतो. पेशी फुटतात, आतली विकरं (एन्झाइम) तिथल्याच दुसऱ्या द्रव्यांना भेटतात, हवा लागते आणि तपकिरी रंग तयार होतो. मोगऱ्याच्या पाकळीत नेमकं हेच घडतं. अनंत, सोनचाफा, निशिगंध या फुलांचंही तसंच, कारण त्यांच्या पाकळ्या जाड आणि रसाळ असतात. पाणी जितका वेळ आत राहील तितका वेळ विकरांचं काम चालू राहतं. म्हणजे फूल जितकं लवकर वाळेल तितका त्याचा रंग जास्त वाचतो. मोगरा कितीही घाई केली तरी बदामी होतोच. मला तो बदामी रंग आवडतो, पण पांढऱ्याची आशा ठेवून बसाल तर वाईट वाटेल.

पारिजातकाची गंमत वेगळी आहे. त्याच्या पाकळ्या पातळ, त्या वाळून जवळजवळ पारदर्शक होतात. पण देठाचा केशरी रंग राहतो. त्या देठातलं रंगद्रव्य केशरातल्या रंगद्रव्याच्याच कुळातलं आहे, पूर्वी त्यात रेशीम रंगवत. झेंडू आणि पिवळी शेवंतीही रंगाला पक्की. लाल गुलाब मात्र काळपट जांभळा होतो आणि जास्वंद तर बऱ्याचदा शाईसारखी दिसते. लाल-जांभळ्या फुलांतली रंगद्रव्यं आम्लतेला आणि उजेडाला फार हळवी असतात. नवशिक्यांनी सदाफुली, अबोली, गोकर्ण, बोगनवेल यांपासून सुरुवात करावी. बोगनवेल तर झाडावर असतानाच कागदासारखी असते, ती सहसा दगा देत नाही.

आता वाळवणं. बहुतेकांनी लहानपणी पिंपळाचं पान वहीत ठेवलेलं असतं, त्यामुळे हे काम आपल्याला येतं असंच वाटतं. तरी फूल वहीत ठेवून विसरून गेलं की ते चिकटतं आणि काळं पडतं. कारण साधं आहे. फुलातलं पाणी कागदात गेलं, कागद ओला झाला, आणि आता फूल ओल्या कागदात झोपलंय. म्हणून कागद बदलायचा. पहिले तीन-चार दिवस रोज, पावसाळ्यात दिवसातून दोनदा. तेरड्यासारखं पाणीदार फूल असेल तर पहिल्या दिवशी दर तीन-चार तासांनी. फुलाला लागून टीपकागद, त्याबाहेर वर्तमानपत्राचे थर, आणि वर वजन: पाटा, नाहीतर जाड पुस्तकांची चळत. छापील वर्तमानपत्र थेट पाकळीला लावू नका, शाई उतरते.

फूल तोडायची वेळ सकाळी दहा-अकराची, दव वाळल्यावर. नुकतंच उमललेलं घ्या. कोमेजलेलं फूल वाळवून ताजं होत नाही. जाड शेवंतीचा मागचा हिरवा भाग ब्लेडने पातळ करा. गुलाबाच्या पाकळ्या सुट्या करून वाळवा आणि मग कागदावर पुन्हा फूल मांडा; अख्खा गुलाब दाबला तर आतून कुजतो. घाई असेल तर दोन कागदांमध्ये फूल ठेवून कोरडी इस्त्री फिरवा, मंद आचेवर, एका वेळी दहा-पंधरा सेकंद. वाफेची इस्त्री अजिबात नको.

फुलाचा उठाव हवा असेल तर ते चपटं न करता वाळूत किंवा सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बारीक मण्यांत, पुरायचं. इथे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना एक सांगते: समुद्राची वाळू तशीच वापरू नका. तिच्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याला तर पाणी काढायचंय. चार-पाच पाण्यांनी धुवा, कढईत भाजून घ्या, पूर्ण गार करा. वाळूत दोन-तीन आठवडे लागतात. सिलिका जेलमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात चार ते सात दिवस पुरतात. निळे मणी पाणी प्यायले की गुलाबी होतात, पण त्यांतला रंग कोबाल्टच्या विषारी क्षाराचा असतो. घरात लहान मूल असेल तर ते आणू नका. तापवून मणी परत कोरडे होतात, ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन-तीन तास.

फूल वाळलं का हे कसं ओळखायचं? मी महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात नमुने सांभाळायचं काम कितीतरी वर्षं केलं, तिथली ही रीत. फूल गालाला लावायचं. गार लागलं तर आत अजून ओल आहे. बोटांना जे कळत नाही ते गालाला कळतं.

एवढं केलं की निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि माझं आजचं खरं सांगणं तेच आहे. वाळलेलं फूल तहानलेलं असतं. ते हवेतून पुन्हा पाणी प्यायला बघतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्याला हवं तेवढं मिळतं.

आई गेली ते २०१३चं वर्ष. तिने परसदारी लावलेल्या अबोलीची फुलं मी मे महिन्यात वाळवली. इतकी सुंदर वाळली होती, की हात लावायला भीती वाटावी. फ्रेम करायला जूनचा तिसरा आठवडा उजाडला. पाऊस लागलेला. मी काच पुसली, पुठ्ठा कापला, फुलं चिकटवली, मागून टेपने पक्की बंद केली. गणपतीत पाहते तर काचेला आतून धुकं, आणि फुलांवर पांढरी लव. दिवाळीपर्यंत त्यातलं काही उरलं नाही. मी फार रडले त्या फ्रेमसाठी.

कितीतरी दिवसांनी उलगडा झाला. फुलं कोरडी होती, पुठ्ठा नव्हता. पुठ्ठाही पाणी पितो. जूनच्या हवेत तो पोटभर प्यायला होता, आणि मी त्या पाण्यासकट सगळं बंद करून टाकलं होतं. मागची टेप जितकी घट्ट, तितकी आतली ओल पक्की कोंडलेली.

म्हणून माझा नियम: फ्रेम एप्रिल-मे महिन्यातच करायची. पुठ्ठा, मागचा हार्डबोर्ड आणि लाकडी पट्ट्यासुद्धा दोन दिवस उन्हात वाळवायच्या आणि गार झाल्या की लगेच बंद करायचं. पावसाळ्यात करावीच लागली तर सगळं सामान सिलिका जेलबरोबर मोठ्या डब्यात दोन दिवस ठेवा.

फ्रेमवाल्याकडे गेलात की सांगा, "काच फुलाला टेकायला नको." माउंट, म्हणजे फुलांभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, जाड लावा किंवा खोल बॉक्स फ्रेम घ्या. काच टेकली की रात्रीच्या गारव्यात तिच्यावर धरलेला दमटपणा थेट पाकळीत जातो. पुठ्ठा आम्लरहित मागा. साधा पुठ्ठा काही वर्षांत पिवळा होतो आणि तो पिवळेपणा फुलातही उतरतो. चिकटवायला फेव्हिकॉल पुरतो, पण टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच, फक्त फुलाच्या मध्याला. पाकळ्या मोकळ्या राहू द्या. मैद्याची खळ वापरू नका. तिच्या वासाने कसर आणि झुरळं येतात. तयार फुलांत कीड असल्याची शंका आली तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. वनस्पतींचे संग्रह आज असेच सांभाळतात. जुने नमुने पाऱ्याच्या विषारी क्षाराने माखलेले असत, म्हणून कुणाकडे अशा नमुन्याचा जुना कागद असेल तर तो उघड्या हातांनी चाळू नका.

मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे, १९०६ साली सुरू झालेला. तिथे लाखाहून अधिक नमुने आहेत. युरोपात तर सोळाव्या शतकातले नमुने शिल्लक आहेत. इटलीतल्या पीसा शहरात लुका गिनी नावाचे प्राध्यापक झाडं दाबून कागदावर लावायला शिकवत, त्यांच्या शिष्यांचे संग्रह आजही पाहता येतात. ते इतके टिकले कारण बंद कपाटात, अंधारात आणि कोरडे राहिले. आपली फ्रेम मात्र भिंतीवर, उजेडात असते. तिने साडेचारशे वर्षं टिकावं ही अपेक्षा नाही, पण खिडकीसमोर टांगून तिला दोन वर्षांत फिकी का करायची? ऊन न येणारी, आतल्या बाजूची भिंत निवडा. पावसात ओल धरणारी बाहेरची भिंत नको. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, म्हणजे मागून हवा खेळेल.

हल्ली लग्नातली वरमाला रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकसारख्या द्रवात, बुडवून ठेवतात, त्याबद्दल चिठ्ठी आली आहे. फूल पुरतं वाळलेलं नसेल तर रेझिनमध्ये बुडबुडे येतात आणि ते आतल्या आत तपकिरी होतं, आणि मग दुरुस्तीला जागाच नाही. रेझिन स्वतःही उजेडाने पिवळं पडतं. फ्रेम उघडता येते, म्हणून माझा कल फ्रेमकडे. अख्खा हार ठेवण्यापेक्षा त्यातली सात-आठ फुलं निवडा, त्याच रात्री कागदात घाला. पाठवणीनंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठवण होते, तोवर उशीर झालेला असतो.

दुसरी चिठ्ठी: वाळलेलं फूल घरात ठेवावं का? देवाला वाहिलेलं फूल निर्माल्य, ते मी कधी फ्रेममध्ये घालत नाही. बागेतलं, वेणीतलं, कुणी हातात दिलेलं, ते खुशाल ठेवा. आणि कासच्या पठारावरचं एकही तोडू नका. तिथे फुलं तोडायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी.

शेवटी हे टेबलावर ठेवलंय ते दाखवते. २०१४च्या एप्रिलमध्ये त्याच झाडाची फुलं मी पुन्हा वाळवली. ही ती फ्रेम. अबोलीचा रंग थोडा उतरलाय, अजून केशरी म्हणता येईल इतका आहे. जवळ येऊन बघा, मागूनही बघा. हार्डबोर्डवर पेन्सिलने लिहिलंय: अबोली, परसदार, ११ एप्रिल २०१४, सकाळी साडेदहा, झाड आईने लावलेलं.