पायाखालचं पाणी

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की वरूड-मोर्शीकडच्या गॅरेजांपुढे जुन्या पिकअप लागायला लागतात. गाऱ्हाणं एकच: "मिस्तरी, पायाखाली पानी येऊन राह्यलं."

या गाड्यांनी हिवाळ्यात अंबिया बहाराची संत्री वाहिली, उन्हाळ्यात कडबा, मध्येच एखाद्या लग्नाचं वऱ्हाड. आता ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलून बघा. वरून कोरडी, पण तिच्या खालचा फोम दाबला की बोटांच्या फटीतून गढूळ पाणी निघतं. आत शिरलेलं पाणी एरवी दोन दिवसांत वाळलं असतं, फोम ते धरून ठेवतो. खालच्या पत्र्याला स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर तपकिरी पापुद्रा सुटून येतो.

मालकाचं बोट थेट पुढच्या काचेच्या रबराकडे जातं. मिस्तरी आधी बोनेट उघडायला लावतात. गाडी रोज लिंबाखाली उभी, त्यामुळे वायपरखालच्या जाळीत पानांचा खच. जाळीतून पडलेलं पाणी कडेच्या भोकांतून खाली निघून जायला हवं. ती बुजली की आतली पन्हळ भरते आणि पाणी हवेच्या झरोक्यातून, नाहीतर वायरिंगच्या रबरी बुचाशेजारून केबिनमध्ये उतरतं. तारेनं उकरून मूठभर काळा चिखल काढला की कित्येकदा काम तिथंच संपतं.

दाराची गोष्ट थोडी वेगळी. काच वरखाली होते त्या फटीतून दारात पाणी जाणारच, त्याची सोय म्हणून खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात. गळती थांबवायची म्हणून काही जण नेमकी तीच सिलिकॉननं बुजवतात! दाराच्या पॅडमागे प्लॅस्टिकचा कागदही असतो. स्पीकर बसवणाऱ्यानं तो फाडलेला असला, तर गाण्यांबरोबर पाणीही आत येतं.

तरीही गळतंय? मग पाइप लावायचा. एक जण टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर. धार मंद, आणि सुरुवात खालून: आधी दाराची कड, मग काचेचं रबर, टप सगळ्यात शेवटी. वरून सुरुवात केली तर सगळीकडूनच ओघळतं आणि मूळ काही सापडत नाही. एकेका जागी चार-पाच मिनिटं थांबावं लागतं, घाई करणाऱ्याचं हे काम नाही.

"थांब भाऊ, आलं!" आतून आवाज येतो. टॉर्चच्या उजेडात काचेशेजारच्या खांबावर एक बारीक ओघळ चमकतो. मूळ निघतं टपावर, कॅरिअरच्या बोल्टाशी. तिथून अस्तराखालून खांबात, खांबातून डॅशबोर्डमागे आणि मग पायाशी, असा त्याचा प्रवास.

बोल्ट काढून गंज घासायचा, रेडऑक्साइड (गंजरोधक लाल रंग) मारून वाळू द्यायचा, मग रबरी वॉशर आणि पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन इथं नको. त्यातलं आम्ल उघड्या पत्र्याला गंज चढवतं, शिवाय त्यावर रंगही धरत नाही.

आणि ओलं निघालं म्हणजे पाऊसच, असंही नाही. हीटर असलेल्या गाडीत ते चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते हीटरमधून गळलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव. अशा वेळी टपावर कितीही पाणी मारा, उपयोग नाही.

राहिला फोम. पावसाळ्यात तो वाळता वाळत नाही. म्हणून काही ड्रायव्हर तो काढूनच टाकतात आणि नुसती रबरी मॅट अंथरतात. इंजिनाचा आवाज जरा वाढतो, पण मॅट उचलली की खालचा पत्रा ओला की कोरडा, हे लगेच कळतं.