पाच फूट उंच रक्त

श्रोतेहो, नमस्कार. कोपरीहून मावशी आल्या, पूल चढून, उन्हातून. घरात आजोबांचं बीपी मोजणं चाललेलं, म्हणून त्यांनीही हात पुढे केला. वरचा आकडा आला १५८. झालं, घरभर काळजी. अहो, आधी त्यांना बसू द्या! पाच मिनिटं, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, गप्प. गप्प म्हणजे गप्प. बोलण्यानंही आकडा चढतो.

पण हा आकडा मोजतो तरी काय? ऐका. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचे एक पाद्री होते. झाडांच्या खोडात रस किती जोरानं चढतो हे मोजायचा त्यांना नाद. तोच नाद त्यांनी रक्तावर चालवला. चौदा वर्षांची एक घोडी, जिच्यावर आता स्वार होता येत नव्हतं, तिला बांधून पाठीवर निजवली. मांडीच्या धमनीत पितळी नळी घातली आणि तिला नऊ फुटांची काचेची नळी उभी जोडली. नळीचं तोंड मोकळं केलं, आणि रक्त चढू लागलं. चढत चढत थांबलं कुठे? आठ फूट तीन इंचांवर! तुमच्या-आमच्या डोक्याच्याही वर. आणि तिथे स्थिर नाही हं, प्रत्येक ठोक्याला दोन-चार इंच वरखाली. काही प्रयोगांत तर जोड म्हणून त्यांनी हंसाची श्वासनलिका वापरली. जनावरानं अंग झटकलं तरी काच फुटू नये म्हणून. १७३३ साली हे सगळं त्यांनी छापलं. क्रूर होतं, नाही कशाला म्हणायचं? पण रक्ताचा दाब म्हणजे उंची, हे डोळ्यांना दिसलं ते तिथे.

आता तुमच्या बीपीचा वरचा आकडा, समजा १२०. पाऱ्याचे १२० मिलिमीटर. पारा जड म्हणून खांब एवढासा. तोच दाब रक्ताच्या खांबात मोजला, तर उंची होते सुमारे पाच फूट. पाच फूट! म्हणून हात कुठे ठेवता याला महत्त्व. दंड हृदयाच्या पातळीत हवा. दहा सेंटिमीटर खाली लोंबला, तर तेवढाच खांब वाढतो आणि आकडा सात-आठनं चढतो. पुन्हा सांगते, दंड हृदयाच्या पातळीत. हात उशीवर टेकवा, रुग्णानं स्वतः उचलून धरायचा नाही.

बीपी यंत्राचा पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वर दोन बोटं. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटा चढतो. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबा, आणि मोजण्याआधी लघवीला जाऊन या. आपल्याकडे पाहुणा दारात आला की पहिला चहा, त्याला इलाज नाही.

बाकीचं झटपट. नाडी अंगठ्यानं बघू नका, अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. दोन बोटं मनगटावर, पूर्ण एक मिनिट. बसलेल्या मोठ्या माणसाची ६० ते १००. जास्त असली की नर्स म्हणतात टॅकीकार्डिया, कमी असली की ब्रॅडीकार्डिया. मोबाइलवर सेकंद बघायला गेलात की मेसेज वाचत बसता, म्हणून भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ लावा. श्वास मोजताना रुग्णाला सांगू नका, सांगितलं की तो बदलतो. मिनिटाला १२ ते २०. ऑक्सिजन मोजायला बोटाला चिमटा लावण्याआधी नेलपॉलिश पुसा, गार बोटं चोळा. ९० टक्क्यांच्या खाली आला तर बोट बदलून पुन्हा पाहा, तरी तोच आला तर रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन. हो, सीओपीडीचा, म्हणजे फुप्फुसांच्या दीर्घ श्वासविकाराचा, जुना रुग्ण असेल तर त्याची मर्यादा डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवा.

डॉक्टरांच्या औषधाच्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एसओएस म्हणजे गरज पडली तरच.

आणि वहीत 'बीपी नॉर्मल' असं लिहू नका. कुणाचं नॉर्मल? वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे असे लिहा: सकाळी ८, बसून, डावा हात, १३४-८२, नाडी ७६. दोन मिनिटांनी पुन्हा, १३०-८०.